पाण्यातली कोशिंबीर

पावसाळ्यात आमच्या नळाला कृष्णेचं पाणी चहासारखं येतं. गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतात, पण माझं तेवढ्यावर भागत नसे. पाणी सोडणाऱ्याकडून पुडी मागून आणायची आणि घरच्या पिंपातही टाकायची. वास नाकाला झोंबला म्हणजे जंतू मेले, असा माझा हिशोब. मग गाळ बसायला तुरटी फिरवायची.

सून बी.एस्सी. झालेली, माहेर विट्याचं. तिला सातवा लागला आणि तिनं घरचं पाणी पिणंच सोडलं. डॉक्टरीणबाईंनी झापलं, पाणी कमी पडतंय, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल. तर ही म्हणाली, मी विट्याला जाते, आईकडं विकतच्या पाण्याचा जार येतो. मला राग आला. पोट घेऊन एसटीचे धक्के खायचे, आणि वर माझ्या पाण्याची बदनामी.

माझ्या पाण्यात काय वाईट आहे ते सांग म्हटलं. तिनं सांगितलं, गढूळ पाण्यात कुजका पालापाचोळा असतो, त्याला पावडर लागली की उपपदार्थ तयार होतात. ते वर्षानुवर्षं पोटात गेले तर कॅन्सरचा धोका वाढतो असा संशय आहे. बाळाचं अजून कुणी नक्की सांगत नाही.

"उपपदार्थ म्हंजे?" मी विचारलं. "कोशिंबीर?"

ती पोट धरून खाली बसली आणि हसत सुटली. आमचे मालक फौजेतून पेन्शनीत आलेले. ते बाहेरून म्हणाले, "आमाला फौजेत पाण्यात ती कोशिंबीर रोज हुती." मग मलाही आवरेना. कवळी हातात धरून हसले.

मी म्हणाले, उद्यापासून औषधच बंद.

"तसं नको, आत्या," ती डोळे पुसत म्हणाली. "कावीळ आन् जुलाब तर लगेच धरतील. तुमचं उलटं हाय. आदी तुरटी, मग औषध."

म्हणजे मी इतके दिवस घाणीलाच औषध पाजत होते. पिंप ओतून घासलं. नव्या पाण्यात आधी तुरटी फिरवली, गाळ बसू दिला, वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळलं. मग आरोग्य खात्याच्या आशाताईंनी दिलेलं थेंबांचं औषध, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. आणखी टाकायला हात शिवशिवत होता, पण टाकलं तेवढंच.

दुपारी सुनेनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. आणखी मागितलं. संध्याकाळपर्यंत ती सारखी लघवीला पळत होती, आणि जाता-येता मला बघून हसत होती. विट्याचं नाव काढलं नाही.