सुदामा नगरातली रिकामी खोली

मंडळी, नव्या नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आलेय. आज सुदामा नगरात खोली बघायला गेले. घरमालक नव्वदीचे मराठी आजोबा. माझी मराठी ऐकून खूश झाले, चहा पाजला.

म्हणाले, "मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हा मी ग्वाल्हेरहून इथे नोकरीला आलो. एकट्या पोराला कोणी खोली देईना. मंदिराच्या ओट्यावर झोपायचो, रडायचो."

माझे डोळे भरून आले. विचारलं, "मग कधीपासून राहायला येऊ?"

"नाही बेटा, अकेली मुलगी आम्ही ठेवत नाही. मोहल्ल्यात बातें होतात."

"आजोबा, तुम्हाला तर माहीत आहे कसं वाटतं!"

"माहीत आहे ना," ते शांतपणे म्हणाले, मला दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं.

सोसलेल्याला दुसऱ्याचं दुःख कळतं म्हणतात. कळूनही दार लावणाऱ्याला काय म्हणायचं?