उपरण्याखालची मूठ

सीटवाले बाबूजींबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. यवतमाळात जुन्या मोटारींचा विषय निघाला आणि कोणी त्यांचं नाव घेतलं, की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठायचो. बायको होती तोवर तर हे लिहिणं शक्यच नव्हतं. का, ते पुढे येईल. मागच्या पावसाळ्यात ती गेली. आता घरात मी एकटा असतो, आणि बाबूजींच्या बाबतीत एक खोटी गोष्ट गावात खरी म्हणून राहून गेली आहे.

एखादी मोठी अमेरिकन गाडी विकायला निघाली की बाकीचे लोक आधी बोनेट उघडायचे. बाबूजी मागचं दार उघडायचे. वहाणा बाहेर काढून ठेवत, आत बसत, दार ओढून घेत आणि डोळे मिटत. मालक ताटकळत उभा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा झोपला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ह्या गाड्या चालवायले कोणी घेते का? मांगं बसायले घेतात. मंग मांगूनच पाहा लागते." सीटवाले हे नाव त्यावरून पडलं. खरं नाव पोस्टमनशिवाय फारसं कोणाला माहीत नसावं.

नागपुरात ते मोटार विम्याच्या कंपनीत सर्व्हेयर होते. बायको ऐन तारुण्यात गेली, मूलबाळ नव्हतं. नोकरी सोडून ते यवतमाळला आले आणि एका खोलीत राहिले. स्वतःजवळ सायकल. कापसाच्या तेजीत घेतलेल्या त्या लांबलचक गाड्या तेव्हा जिल्ह्यात बऱ्याच होत्या. छप्पन-सत्तावन्नच्या सुमारास नवी गाडी बाहेरून येणं जवळजवळ बंद झालं होतं आणि जुन्यांचे सुटे भाग मिळत नव्हते. त्यामुळे एकच गाडी एकाला सोनं वाटे, दुसऱ्याला भंगार. मधे उभं राहून खरं काय ते सांगणारा माणूस म्हणजे बाबूजी.

गाडीला कंपनीच्या नावानं ते कधी ओळखत नसत. "गाडी बनवते कंपनी, बिघडवते मालक. नाव कोणाचं घ्याव?" असं म्हणून ते तिला मालकाचं नाव द्यायचे. पुसदच्या डॉक्टरांची गाडी सुरू करायला बटणच नव्हतं. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की इंजिन सुरू होई. हे ठाऊक नसलेल्या ड्रायव्हरांनी ती बंद पडली म्हणून जाहीर केली होती. दिग्रसच्या व्यापाऱ्याच्या गाडीचे वायपर चढावर पेंगत आणि उतारावर सपासप फिरत. वणीच्या गाडीचं पेट्रोल मे महिन्यात नळीतच उकळायचं आणि ती भररस्त्यात बसकण मारायची. बाबूजी तिच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून सावलीत विडी ओढत बसत. अशा गोष्टींसाठी कोणी भाव पाडू लागला तर त्यांना राग येई. "हा रोग नोहे, स्वभाव आहे. स्वभावाचे पैसे कापाचे नाही." चिरलेलं इंजिन, वाकलेली चासी हे रोग. बाकी सगळा स्वभाव.

त्यांचंही सगळंच बरोबर असे असं नाही. खिडक्यांना पडदे लावलेली गाडी ते हात न लावता नापास करत. पडदे लावणारा मालक वेळेवर तेल बदलत नाही, हा त्यांचा सिद्धांत. यात दोन-तीन चांगल्या गाड्या हातच्या गेल्या आणि लोकांनी त्यांची भरपूर थट्टा केली. त्यावर ते म्हणत, पडद्यामागे काय गेलं ते पडद्यालाच माहीत.

पारखायचे पैसे ते घेत नसत. पांढरकवडा रोडच्या नाक्यापर्यंत मागच्या सीटवर बसवून एक चक्कर, एवढीच त्यांची फी. या चकरेत ते नेहमी उजवीकडे, अगदी दाराला चिकटून बसायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसायला गेलो तर हातानं अडवून म्हणाले, "मॅनेजर, तुमी पुढं बसा."

मी तेव्हा कापसाच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर होतो, पंचविशीतला. सौद्याची त्यांची रीत मला तिथंच कळली. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात देऊन बोटांनी सांगतात. बाबूजींनी ती रीत मोटारींना लावली. जितकी बोटं तितके हजार, आणि मिटलेली मूठ म्हणजे घेऊ नका. मालकासमोर त्याच्या गाडीची किंमत बोलणं त्यांना घरातल्या बाईचं वय चारचौघांत विचारण्यासारखं वाटे. यात एक नियम होता: उपरण्याखालचं उपरण्यावर आणायचं नाही. जे सांगितलं ते घेणाऱ्या हातालाच ठाऊक.

आमच्या जिनाच्या शेठजींना गाडी हवी होती, आणि दारव्ह्याच्या एका वकीलसाहेबांना त्यांची काळी सेडान विकायची होती. शेठजी स्वतः गेले असते तर भाव चढला असता. म्हणून बाबूजींना घेऊन मी गेलो. शेठजींना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की वकीलसाहेबांच्या मुलीशी माझं जवळजवळ ठरलं होतं. जवळजवळ यासाठी, की गाडी विकल्याशिवाय आपल्याला लग्न उभं करता येणार नाही, असं वकीलसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. वकिली बसली होती आणि घरात विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

बाबूजी नेहमीसारखे मागे जाऊन बसले. वकीलसाहेबांची मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि सीटच्या डावीकडच्या पाठीवर बोट ठेवलं. "इथं बाईसाहेब बसत होत्या. आता कोणी बसत नाही." ती थबकली. आई बसायची, तुम्हाला कसं कळलं, असं तिनं विचारलं. "तेलाचा डाग आहे बेटा, अंबाड्याचा. अन शिवणीत धूळ." तिनं पदरानं ती शिवण पुसली. मी तिच्याकडे पाहत होतो आणि बाबूजी माझ्याकडे, हे मला पुष्कळ नंतर उमगलं.

मग त्यांनी बोनेट उघडलं. इंजिनाच्या एकाच बाजूला ताजा काळा रंग होता. रेडिएटरमधलं पाणी पिण्याच्या पाण्याइतकं नितळ. जुन्या गाडीत पाणी इतकं नितळ नसतं; चिरेतून गळतं म्हणून रोज नवं भरलं तरच असतं. त्यांनी रंगावर नख फिरवलं, नखाचा वास घेतला, आणि माझ्या हातावर उपरणं टाकलं. वकीलसाहेब यंदाच्या कापसाबद्दल बोलत होते. उपरण्याखाली माझ्या तळहातात त्यांची मूठ आली. त्यांनी ती दाबली, आणि पुन्हा एकदा दाबली.

त्या दिवशी त्यांनी चक्कर मागितली नाही.

संध्याकाळी शेठजींनी विचारलं, काय म्हणाले बाबूजी? मी तोंडानं काहीच बोललो नाही. हात वर केला आणि पाचही बोटं उघडली.

गाडी आली. उन्हाळ्यात शेठजी घरच्या मंडळींना घेऊन नागपूरला निघाले. कळंबच्या अलीकडे इंजिनाची ती झाकलेली चीर उघडली आणि गाडी जागच्या जागी गेली. बायामाणसं उन्हात पळसाखाली बसून राहिली. शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी जुंपून ती काळी सेडान ओढत परत आणली. भर बाजारातून बैल पुढे, गाडी मागे, आणि काचेआड शेठजी. पोरांनी गाडीमागून वरात काढली. शेठजींना नुकसानापेक्षा हे हसू जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबूजींना जिनाच्या अंगणात बोलावलं. अडते होते, गाडीवान होते, हमाल कापूस टाकून उभे होते. शेठजी म्हणाले, "बोला बाबूजी. मॅनेजरच्या हातात किती बोटं देल्ली होती?"

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहीला चिकटलेला कापसाचा पुंजका काढत होतो.

"पाच," मीच म्हणालो.

मग बाबूजी म्हणाले, "मॅनेजर म्हणतात तर पाचच असन. म्हातारा झाला माहा हात."

"वकिलानं किती चारले?" शेठजींनी विचारलं, आणि अंगणात हशा झाला. बाबूजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची नीट घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि सायकल हातात धरून चालत निघून गेले. फाटकाबाहेरही ते सायकलवर बसले नाहीत. त्यानंतर त्यांच्या खांद्यावर उपरणं कोणी पाहिलं नाही. त्यांना गाडी पाहायलाही कोणी बोलावलं नाही. सीटवाले बाबूजी पैसे खातात, ही गोष्ट गावानं सहज मान्य केली.

माझं लग्न दारव्ह्यातच झालं. बाबूजींना आमंत्रण द्यायचं धाडस मला झालं नव्हतं, तरी ते बसनं आले. मांडवाच्या कडेला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि निघताना जवळ येऊन एवढंच म्हणाले, "मॅनेजर, सीट दोनीकडून झिजू द्या." बायकोनं त्यांना वाकून नमस्कार केला. आईच्या अंबाड्याचा डाग ओळखणारे काका म्हणून ती त्यांची आठवण शेवटपर्यंत काढत असे. वडिलांनी रोग झाकून गाडी विकली आणि मी तो झाकून घेतला, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

पुढे मी जिन सोडलं आणि महागावला नोकरी धरली. यवतमाळला यायचो तेव्हा बसस्टँडवर बाबूजी दिसायचे. संध्याकाळी ते तिथंच बसत. कुठं जायचं नसे. आल्यागेल्या गाड्या पाहत. मी बहुधा दुसऱ्या दारानं आत शिरायचो.

साठचं दशक सरत आलं तेव्हाच्या एका हिवाळ्यात मात्र मी ठरवून गेलो. ते बाकावर उजव्या टोकाला बसले होते, शेजारची जागा मोकळी. या खेपेला त्यांनी मला अडवलं नाही. मी बसलो. बायकोची, मुलांची चौकशी झाली. तोंडानं मला बोलता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून अंगावरची शाल मी दोघांच्या मधे पसरली आणि तिच्याखालून माझी मूठ त्यांच्याकडे सरकवली.

शाल हलली ती त्यांनी पाहिली. बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात उचलून काठीवर ठेवले.

"थंडीत आता बोटं वळत नाही मॅनेजर," ते म्हणाले. "मी हात देनं सोडलं."

महागावची गाडी लागली. कंडक्टर ओरडला आणि मी उठलो. खिडकीतून पाहिलं तर बाबूजी होते तिथंच होते, बाकाच्या टोकाला, आणि शेजारी मी नुकताच बसलो होतो तेवढी जागा रिकामी. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं.

त्या दिवशी खिडकीची काच खाली होती. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. वाक्य मी महागावहून येतानाच तयार करून आणलं होतं, मोठं नव्हतं. बाबूजी, तुमचा हात चुकला नव्हता. तुम्ही मूठच दिली होती. मला माफ करा.

कंडक्टरनं घंटी दिली आणि मी काच वर ओढून घेतली.