तक्त्यात नाव नव्हतं

टाकीतून ॲसिड सांडत होतं, धुराने श्वास कोंडत होता आणि साहेब भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवत होते. बोईसरच्या आमच्या कारखान्यात कोणाला काय येतं, ते सगळं त्या तक्त्यात लिहिलं होतं. टाकीच्या व्हॉल्व्हपुढे दांडी गावच्या फिटरचं नाव होतं. तो कधीच रिटायर झाला होता. साहेबांनी त्याला स्पीकरवर फोन लावला. तो म्हणाला,

“व्हॉल्व्हचं चाक कुठंय ते झाडूवाल्या मावशीला इचारा. त्याच चाकावर पोछा वाळत घालते म्हणून मी रोज तिच्यावर ओरडायचो.”

साहेब माझ्याकडे वळले. “मावशी, तुमचं नाव तक्त्यात नाही.”

“मग लिहा. तोवर मी बंद करून येते.”

मी पोछा काढून चाक गच्च फिरवलं. साहेब मागून माझं शिक्षण विचारत होते. त्या शिफ्टमधले आम्ही अकराही जण जगलो.