आचेवर न ठेवायचं पाणी

चकियाच्या जंगलातली भटकंती आटोपून मी काशीला पोहोचले, तेव्हा पाठपिशवीत ओले मोजे होते आणि पाणी गाळायची नळी. ओढ्याचं गढूळ पाणी आधी निवळू द्यायचं, मग फडक्यातून आणि नळीतून गाळायचं, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, हा माझा जंगलातला शिरस्ता. पोट एकदाही बिघडलं नव्हतं, याचा मला जरा तोराच होता.

दुर्गाघाटावर आईचे चुलतभाऊ राहतात, पौरोहित्य करतात. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तेव्हा मीच मागे सरकले. मामा खाटेवर पडून होते, गालफडं बसलेली.

"पुन्हा पेचिश (आव) झाली," चूडा-मटर (मटार घातलेले पोहे) पुढे ठेवत मामी म्हणाली. "आता झाली तर भरती करावं लागेल. डाक्टर सांगतो, पाणी उबालून (उकळून) द्या. पण हे गंगेशिवाय पीत नाहीत, आणि गंगा आचेवर ठेवू देत नाहीत."

"गंगेला चुलीवर चढवतात का कधी?" मामा म्हणाले.

मी नळी काढून कृती समजावली. आचेची गरजच नव्हती. मामांनी गोळी हुंगली, "दवाईचा वास येतो," म्हणाले आणि कूस बदलली. मला राग आला. आजारी माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी बालाजी घाटावर जाऊन बसले. लोक बुड्या मारून ओंजळीने तीर्थ घेत होते. मला तर त्या पाण्याने चूळ भरायचाही धीर झाला नसता.

निघायच्या सकाळी मामा उठून बसले होते. त्यांनी तांब्याचा बंद गडू माझ्या हातात दिला.

"तुझ्या आईला दे. ऑपरेशन झालंय, तबियत नाजूक आहे. तू सांगितलंस तसंच केलंय. गाळलं, गोळी टाकली, थांबलो."

"आणि तुम्ही?"

"गडू भरून लोटाभर उरलं." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "गंगा मोरीत थोडीच ओततात? प्यावं लागलं."

"आईला एक गडू पुरायचा नाही, मामा," मी म्हटलं, आणि नळी, गोळ्या तिथेच ठेवल्या.

घरी आईने गडू देवघरात ठेवला. जंगलात पाणी शुद्ध करणं सोपं, ओढ्याशी आपलं काही नातं नसतं. महिन्याभराने मामीचा फोन आला. मामा पुन्हा पूजा सांगायला जाऊ लागले होते. "गोळ्या संपत आल्या म्हणतात," मामी हसत म्हणाली. "तुझ्या आईसाठी आणखी पाठव."