मुंतझाचं सरासरी भाडं

"मॅडम, मैं थोडी बढा रहा हूँ? मार्केट बढा है," असं म्हणून आमच्या बिल्डिंगच्या एजंटने खांदे उडवले आणि माझं डोकं फिरलं. मार्केट म्हणे! जसं काही मार्केट नावाचे कुणी काका वरच्या मजल्यावर राहतात आणि दर वर्षी त्यांना लहर येते.

दोहाच्या अल मुंतझा भागातल्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं बरीच वर्षं राहत होतो. मी, नवरा आणि नववीतली मुलगी. भाडं साडेचार हजार रियाल. मार्चअखेर कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि एजंटला नवीन कॉन्ट्रॅक्ट सहा हजारांचं हवं होतं. का, तर या भागात दोन बेडरूमचं सरासरी भाडंच आता सहा हजार झालंय. "ऑफिस का फिगर है," तो म्हणाला. फिगर कुठून आला ते दाखवा म्हटलं, तर म्हणे इन्शाल्ला, बघू.

जेवताना नवऱ्याने तोंडी हिशेब करून टाकला. ओढाताण करून पाच हजारांपर्यंत जमेल, सहा जमणार नाही. तेव्हा मुलीची परीक्षा झाली की तुम्ही दोघी नाशिकला जा, मी बेडस्पेस घेतो. बेडस्पेस म्हणजे चारपाच पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोलीतली एक खाट आणि खाटेखालची बॅग. माझ्याशी लग्न व्हायच्या आधी तो तसाच राहायचा. हे सगळं त्याने आमटी वाढ म्हणावं इतक्या शांतपणे सांगितलं. वर "अंथरूण पाहून पाय पसरावे" हेही ऐकवलं.

आखातात हे असंच चालतं. भाडं वाढलं, बायका-पोरं गावी. शाळेची फी वाढली, बायका-पोरं गावी. परीक्षा संपल्या की आमच्या ओळखीतल्या एकदोन घरांचं सामान हमखास कार्टनमध्ये जातं. कुणी भांडत नाही, विमानतळावर फोटो काढतात आणि मग बाप आपल्या मुलांचे पडलेले दात व्हिडिओ कॉलवर बघतो. मला ते नको होतं. बस्स, नको होतं! मी सरळ सांगितलं, "मी जाणार नाही."

"मग सहा हजार आणायचे कुठून?"

"ते सहा हजार खरे आहेत का, ते आधी बघू दे मला."

इथे येण्याआधी मी नाशिकला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. असले दावे तपासायची एक रीत असते, तिला हायपोथेसिस टेस्ट म्हणतात. दावा करणाऱ्याला आधी सज्जन धरायचं, म्हणजे सरासरी सहा हजारच आहे असं मानायचं. मग काही घरांची भाडी गोळा करायची आणि विचारायचं की बाबा रे, खरंच सहा हजार सरासरी असती, तर इतकी कमी भाडी नुसत्या योगायोगाने माझ्या हाती लागायची शक्यता किती? ती शक्यता फारच थोडी निघाली तर दावा गेला. शितावरून भाताची परीक्षाच ती, फक्त नियमाने करायची.

नियमाने, हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितेय. पहिल्या फेरीत मी काय केलं ते ऐका. संक्रांत नुकतीच झाली होती, दोहातल्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायका माझ्याकडे हळदीकुंकवाला येणारच होत्या. म्हटलं, एवढा नमुना आयता घरी चालत येतोय, आणखी काय हवं? दारात कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण हातात ठेवलं आणि लगेच विचारलं, "भाडं किती गं तुमचं?" आधी सगळ्या चमकल्या. मग मात्र चढाओढच लागली. "आमचं? अगं, फक्त चार!" "आम्ही तर त्याच्याही खाली ठरवलं, ह्यांनी घासाघीस करून." आपलं घर किती स्वस्तात पडलं हे सांगण्यात आपल्या बायकांना जो आनंद होतो, तो भरजरी पैठणी मिळाली तरी व्हायचा नाही.

सरासरी पाच हजारांच्याही पुष्कळ खाली आली. गणित मांडलं, तर एजंटचा दावा साफ आडवा! मी तो कागद पर्समध्ये घालून दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात गेले. त्याने आधी माझ्यासाठी कडक चहा मागवला. कागद नीट वाचला आणि एवढंच विचारलं, "ये सब लोग कब से रहते हैं?"

कुणी आठ वर्षं, कुणी दहा.

"पुराने कॉन्ट्रॅक्ट हैं, मॅडम. मैं नए का बोल रहा हूँ."

मी चहाचा कप खाली ठेवला. भात न ढवळता मी वरची वरची शितं चाचपली होती, तीही एकाच पातेल्यातली! जुन्या भाडेकरूंचं जुनं भाडं, आणि त्यातही बढाई किती आणि खरं किती कुणास ठाऊक. पोरांचे मार्क मी याच चुकीसाठी कापायचे. जिन्यावरून उतरताना स्वतःचाच इतका राग आला की मी मोठ्याने "मूर्ख!" म्हणाले आणि समोरून येणारा माणूस बिचारा दचकून बाजूला झाला.

आमच्या खालच्या मजल्यावर वसईची एक ताई राहते. हॉस्पिटलात नर्स आहे, माझ्याहून मोठी, आणि मला टीचर म्हणते. ती रविवारी प्रार्थनेला जाते आणि संक्रांतीला माझ्याकडे सगळ्यांच्या आधी येते, गुळाच्या वड्यांसाठी. तिला मी झालेली फजिती सांगितली. ती पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "बरं, टीचर, आता रडायचं की चालायचं?"

चालायचं ठरलं. या वेळी नियम आधी लिहिले. फक्त गेल्या काही महिन्यांतली नवी कॉन्ट्रॅक्ट. फक्त दोन बेडरूम, फर्निचर नसलेलं घर, वीज-पाण्याचं बिल वेगळं. फक्त आपल्याच भागातलं. आणि कुठल्या बिल्डिंगमध्ये जायचं ते मी ठरवायचं नाही. त्यासाठी आसपासच्या बिल्डिंगांना आकडे दिले, चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या आणि मुलीला काढायला सांगितल्या. "मम्मा, धिस इज सो एम्बॅरसिंग," असं म्हणत तिने काढल्या. नवरा म्हणाला, "आधी आकडे तर येऊ देत, मग ठरवू दावा कधी मोडला म्हणायचं." मी म्हटलं, मुळीच नाही. रेघ आधी मारायची. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली गेली तर एजंट खोटा, नाहीतर नाही. तसं लिहून फ्रीजवर चिकटवलं.

मग ताईची ड्यूटी सुटली की आम्ही दोघी निघायचो. हवा छान होती. प्रत्येक बिल्डिंगच्या दारात नातूर असतो, म्हणजे तिथला राखणदार, आणि नव्याने राहायला कोण आलंय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. काहींनी हाकललं. एकाला वाटलं आम्ही कुठल्या सरकारी खात्यातून आलोय, तो घाईघाईने जिनाच झाडायला लागला. एका केरळी बाईंनी दार उघडलं, भाडं सांगितलं, आणि आम्ही निघतो तर म्हणाल्या, बसा ना, मीही नवऱ्याला हेच विचारतेय की राहायचं की जायचं. त्यांच्या हॉलमध्ये कार्टन उघडेच होते. त्या भरत होत्या की रिकामे करत होत्या, ते काही मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर ताई भराभर पुढे चालू लागली. तिची दोन्ही मुलं वसईला आजीकडे वाढली. "टीचर, तू जाऊ नको हं," ती एकदम म्हणाली, आणि पुढच्या बिल्डिंगची बेल तिनेच वाजवली.

पंचवीस घरं झाली. एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मुलीने लॅपटॉपवर आकडे भरले. सरासरी आली पाच हजार सातशे. नवऱ्याचा चेहरा खुलला, "कमी आहे की!" पण भाडी इतकी वरखाली होती की एवढा फरक योगायोगानेही पडू शकत होता. शक्यता निघाली आठ टक्के. आमची रेघ पाचची.

"म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे मला त्याचा दावा मोडता आला नाही."

तो उठला, बसला, पुन्हा स्क्रीनकडे वाकला. "ही दोन काढ ना. त्या बिल्डिंगला स्विमिंग पूल आहे. आपल्यासारखी घरं आहेत का ती?" मुलगीही म्हणाली, जस्ट डिलीट देम. खरं सांगते, माझा हात माउसवर गेला होता. ती दोन घरं काढली की पाचच्या खाली येत होतं, मला डोळ्यांनीच दिसत होतं. पण स्विमिंग पूल चालणार नाही असं मी आधी कुठे म्हटलं होतं? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. "नाही," मी म्हटलं. "त्याला खोटं पाडायला मी खोटं बोलणार नाही."

नवरा खुर्ची सरकवून उठला. आत जाऊन त्याने मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी काय काय कागद लागतात ते फोनवर कुणाला तरी विचारलं. मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मी पोळ्या लाटत होते आणि अशी काही लाटत होते की पोळपाट ओट्यावर आपटत होता. आठ टक्के! हरले होते का मी? दावा मोडला नाही म्हणजे तो खरा ठरला असं थोडंच आहे? सरासरी सहा असेल, साडेपाच असेल, मला ठाऊक नाही, एजंटलाही नाही. आणि समजा असली सहा हजार, तर असू दे की! सरासरी ही सगळ्या मुंतझाची. मला सगळ्या मुंतझात कुठे राहायचं होतं? मला एक घर हवं होतं. पंचवीस दारं मी स्वतः ठोठावली होती, त्यातली कितीतरी पाच हजारांच्या खालची होती, आणि त्यांपैकी एका बिल्डिंगचा नेपाळी नातूर सांगत होता की वरचं घर या महिन्यात रिकामं होतंय. मी तेव्हा नमुन्याच्या नादात ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

पोळ्या तशाच झाकून मी चपला घातल्या.

घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. भाडं पावणेपाच हजार. मालकाच्या माणसाशी मी तिथेच उभ्या उभ्या बोलणं करून टाकलं. आमच्या एजंटला कळवलं, तर तो म्हणाला, आपके लिए पाँच हजार आठ सौ. मी अरबीतच आभार मानून विषय संपवला, शुक्रन, खलास.

संध्याकाळी नवऱ्याला घर दाखवायला नेलं. चार जिने चढून तो धापा टाकत आत आला. नळ सोडून पाहिले, एसी लावून पाहिला, भिंतीला हात लावून ओल पाहिली. मी वाट बघत होते की आता हसेल. तो म्हणाला, "चांगलं आहे. पण पुढच्या वर्षी हाही वाढवेल. मग? त्यापेक्षा आताच..."

"आताच काय?"

"मी एक बेड सांगून ठेवलाय. ऑफिसच्या जवळ. गेल्या महिन्यातच."

गेल्या महिन्यात! म्हणजे मी दारोदार फिरत होते तेव्हा याने खाट ठरवलेली होती. माझा आवाज त्या रिकाम्या खोलीत नको तितका मोठा झाला. "तू उलटं धरलंयस सगळं! आम्ही जाणार हे तू आधीच खरं धरून बसलास आणि राहायचं असेल तर पुरावा मी आणायचा. दर वर्षी, दर भाडेवाढीला, मीच. का म्हणून? आपण तिघं एकत्र राहतो, हे धरून चाल. ते मोडायचं असेल तर पुरावा तू आण. भक्कम आण. पाच टक्क्यांच्या आतला आण!"

तो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला. 

"पुरावा कसला," तो म्हणाला. "मला वाटलं, आधीपासून सवय केलेली बरी."

"कशाची?"

"तुम्ही नसण्याची."

माझा सगळा राग पाण्यासारखा उतरला आणि मला रडू फुटलं. मी पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिले. त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि माझ्याकडे बघतच बोलला.

"भाई, वो बेड किसी और को दे दो. नहीं, नहीं, अगले महीने भी नहीं. मेरी फॅमिली यहीं है."