वरच्या मजल्यावरचे पाहुणे

माझ्या मावशीला सगळे मागून शंकासुर म्हणतात आणि ते तिला ठाऊक आहे. दूधवाल्याने हसून नमस्कार केला, तरी ती पातेल्यात बोट बुडवून दूध बघते. एका धर्मादाय संस्थेच्या स्वयंपाकघरात ती मुख्य आणि मी, तिची भाची, तिच्या हाताखाली. संस्थेच्या मुली समुद्रापलीकडे सेवेला जातात. मुलांपाठोपाठ तिकडे गेलेल्या आणि मग एकट्या पडलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, त्यांच्यासोबत प्रार्थना करायची. व्रत दोन वर्षांचं. तेवढ्या काळात घरच्यांचं तोंड बघायचं नाही. आवाजात भरलेला निरोप तेवढा प्रार्थनेच्या दिवशी सभागृहात ऐकवतात. मावशीची एकुलती एक लेक, आमची चिमणी, अशीच गेली होती.

मग तिकडे गडबड सुरू झाली. तिथे राहायचे परवाने मिळेनात, मिळालेले रद्द होऊ लागले. प्रमुखसाहेब प्रार्थनेनंतर म्हणाले, "सेवा थांबणार नाही, फक्त तिचं रूप बदलेल." साहेब गोड बोलतात, म्हणजे मावशीच्या हिशेबी खोटं बोलतात.

"पाणी कुठेतरी मुरतंय," ती मला म्हणाली. "पोर आधी थंडीनं बोटं फुटली म्हणून सांगायची. आता नुसतं 'बरी आहे, काम चालू आहे'. तिकडे थंडी संपली की पोर संपली?"

ती साहेबांकडे गेली. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, पण ताकास तूर लागू दिली नाही. मावशीला तर खुर्ची दिल्याचाच जास्त संशय आला. त्या रात्रीपासून तिची झोप उडाली. पोरीचं बरंवाईट झालंय आणि हे आधीच भरून ठेवलेले निरोप ऐकवताहेत, असं तिने मनाशी धरलं. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर पाहुणे आले. ताटं जिन्याच्या तोंडाशी ठेवायची, वर जायचं नाही, असा हुकूम. एक दिवस परत आलेल्या ताटांतल्या एकात भाजीतला कांदा वेचून कडेला ओळीने मांडलेला दिसला. मावशी बघतच राहिली; चिमणी लहानपणापासून कांदा अस्साच वेचून मांडायची. दुसऱ्या दिवशी तिने कांदा इतका बारीक चिरला की मलाही दिसेना. ताट परत आलं. कडेला कणाकणांचा ढीग!

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पळी टाकून ती जिना चढली आणि तिच्यामागे मी.

वर टेबलांची रांग होती. कानाला यंत्रं लावून मुली पडद्यांवरच्या म्हाताऱ्यांशी बोलत होत्या. तिसरी पाठमोरी मुलगी चिमणी होती. साहेब दारातच आडवे आले.

"सगळ्या परत आल्या आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "व्रत इथूनच पुरं करताहेत. घरी कळवू का, म्हणून मी प्रत्येकीला विचारलं होतं. तिनेच नको म्हटलं. आईला बघितलं तर राहवणार नाही, म्हणाली."

"खोटं," मावशी म्हणाली. पण पुढे सरकली नाही.

पडद्यावरची म्हातारी विचारत होती, "जेवलीस का गं?"

"हो आजी," चिमणी म्हणाली. "आईच्या हातचं."

मावशीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. हाक मारेल असं वाटलं, पण तिने मारली नाही. खाली येऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

"समुद्रापलीकडची पोर येईल म्हणून वाट बघता येते गं," ती म्हणाली. "डोक्यावर बसून माझ्या हातचं जेवते, आणि खाली येत नाही. तिची वाट कशी बघायची?"