तोंतों मेरिलुसची कवळी

सान्तियागोत दातांची डॉक्टरकी शिकायची तर पेशंट आपणच शोधून आणायचा. विद्यापीठ खुर्ची देतं, दिवा देतं, चुका काढायला बाई देतं. तोंड मात्र विद्यार्थ्यानेच पैदा करायचं. गावातली पोरं घरची आत्या, शेजारचा मामा, नाहीतर भांडीवाली धरून आणतात. मग्दाला ओरेलुस शेजारच्या देशातली, हैतीची. तिचे आत्या-मामा सीमेपलीकडे राहिलेले. त्यामुळे ही पोरगी लोकांच्या तोंडांवर टपून असायची. रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून गायचे आणि ही बया डोळे उघडे ठेवून रांगेरांगेने दाढा बघायची.

"देव एक दिवस तुझंच थोबाड फोडेल," असं तिच्या खोलीतली शेर्लिन म्हणायची. शेर्लिनही तिच्याच वर्गात होती आणि तीही बघायचीच, फक्त एका डोळ्याने.

मग्दालाचा व्हिसा शिकण्याचा होता, कमावण्याचा नव्हता. पण घरमालकिणीला व्हिसाशी काय घेणं? तिला भाडं हवं. म्हणून शनिवारी पडदे ओढून मग्दाला खोलीत बायकांच्या वेण्या घालायची. दारावर थाप पडली की कंगवा उशीखाली जायचा आणि गिऱ्हाईक मैत्रीण व्हायचं. डोक्याची एक बाजू विंचरलेली, दुसरी पिंजारलेली, अशी मैत्रीण. एकदा घरमालकीणच आत आली आणि म्हणाली, "मैत्रिणी फार झाल्यात हो तुझ्या." तेव्हापासून घरमालकिणीच्या वेण्या फुकट.

हे सगळं निभावलं असतं. गळ्याशी आलं होतं ते वेगळंच. व्हिसा वाढवायचा तर पास झाल्याचं विद्यापीठाचं पत्र लागतं. पत्र नाही तर व्हिसा नाही, आणि एकदा देश सोडला की पलीकडे नवा व्हिसा देणारी कचेरीच बंद पडलेली. म्हणजे नापास व्हायची सोय इतरांना होती, मग्दालाला नव्हती. शेवटच्या सत्रात तिची एकच सही बाकी होती, पूर्ण कवळीची. तोंडात एकही दात नाही असा माणूस हवा होता.

तो तिला चर्चमध्येच सापडला. तोंतों मेरिलुस सगळ्यांत मोठ्याने गायचा, जबडा पूर्ण उघडून, आणि आत नुसत्या गुलाबी हिरड्या. मग्दालाला वाटलं, प्रार्थना पावली. तोंतों म्हणजे काका; तिचा सख्खा कुणी नव्हे, पण हैतीत म्हाताऱ्याला दुसरं काय म्हणणार? सान्तियागोतल्या निम्म्या इमारतींचं सिमेंट आपण कालवलंय, असं तो सांगायचा. मुक्कामाचं कार्ड होतं त्याच्याकडे, पण त्याची मुदत कधीच उलटून गेली होती.

"फुकट दात?" तो म्हणाला. "आणि बदल्यात काय घेणार? जीभ?"

"तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं, तोंतों. आणि गायचं नाही."

तो आला. माप द्यायला आला, मेणाची कवळी घालून बघायलाही आला. दर वेळी आडवाटेने यायचा, कारण हद्दपारीवाल्यांची पिंजऱ्याची गाडी त्या भागात फिरायची. आता एकच बैठक उरली होती. तयार कवळी तोंडात बसवायची आणि डॉक्टर ब्रेतोनबाईंची सही घ्यायची, की संपलं.

त्या सकाळी त्याचा फोन आला. "पोरी, आज गाड्या फार दिसतायत. पुढच्या आठवड्यात चालेल का गं?"

पुढच्या आठवड्यात खुर्ची मिळेल की नाही कुणास ठाऊक. मग्दाला म्हणाली, "तोंतों, दोन गल्ल्या तर आहेत. टोपी घालून या ना."

तो टोपी घालून निघाला. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्याला उचललं.

मग्दाला वाटीभर पाण्यात कवळी ठेवून खुर्चीपाशी ताटकळत होती, तेव्हा शेर्लिन धावत ही बातमी घेऊन आली. ऐकल्याबरोबर मग्दालाच्या मनात पहिल्यांदा आलं ते सहीचं. म्हातारा तिला त्यानंतर आठवला. तिला स्वतःची किळस आली. वाटी उचलून ती ब्रेतोनबाईंकडे गेली.

ब्रेतोनबाई वाईट नव्हत्या. चष्मा काढून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कवळी इथल्या कपाटात असेपर्यंत केस उघडी आहे, मुली. सत्र संपायच्या आत माणूस खुर्चीत बसला तर मी सही करीन. नाहीतर पुढच्या सत्रात नवा माणूस."

"मला पुढचं सत्र नाहीये, बाई."

"माहितीये मला," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

दोन दिवसांनी तोंतोंचा फोन आला, सीमेपलीकडच्या वानामेंत गावातून. कुणाच्या तरी पडवीत झोपत होता. पावात पाणी घालून खात होता. "गाडीतल्या शिपायाला म्हटलं, अरे बाबा, माझे दात तयार आहेत, ते तेवढे घेऊ दे. तर सगळी गाडी हसली. आपलीच माणसं, तीही हसली मेली!"

मग्दालाला हसू येईना.

"ऐक," तो म्हणाला. "मी परत येतो. डोंगराकडून वाट आहे, माणूस आहे ओळखीचा. सही हवी ना तुला?"

नको म्हणायला हवं होतं. तिच्या तोंडून निघालं, "जपून या."

फोन ठेवून ती वेण्या घालायला बसली. गिऱ्हाईक बाई सीमेकडचीच होती, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्या डोंगरवाटेने मागच्या महिन्यात तिचा दीर येत होता. वाटाड्याने अर्ध्यावर सगळं लुबाडलं आणि सोडून दिलं. पाय मोडून पडला होता तो, तहानेने मेला. "वाट कसली, खड्डा आहे तो," बाई म्हणाली. मग्दालाचे हात थांबले. "अगं, ओढ ना नीट," बाई म्हणाली, "सैल होतेय वेणी."

सोमवारी मग्दाला ब्रेतोनबाईंपुढे उभी राहिली. "कवळी द्या. शुक्रवारी दाहाबोनच्या बाजारात नेऊन देते." बाजाराच्या दिवशी पलीकडची माणसं सीमेवरचा पूल ओलांडून दाहाबोनला येतात आणि बाजार उठला की परत जातात. त्याच्या पुढे त्यांना पाऊल टाकता येत नाही.

"बाहेर गेली की केस बंद," बाई म्हणाल्या. "मला खोटं लिहिता येणार नाही."

"मी कुठे म्हणतेय लिहा?"

बाईंनी कपाट उघडलं. कवळी दिली. मग आपल्या खणातली बारीक कानसही काढून दिली. "हिरडी टोचेल तिथे थोडं घास. जास्त नको हं, घाई करतेस तू."

बाजारात नुसती झुंबड होती. लसणाची पोती, जुन्या कपड्यांचे ढीग, हातगाड्यांवरचे "सरका, सरका" ओरडणारे लोक. डोंगर नको, बाजारात या, असं मग्दालाने फोनवर बजावलं होतं; तोंतों मेरिलुस कुणाचा तरी इस्त्रीचा सदरा मागून घालून आला होता. मग्दालाने त्याला एका उलट्या बादलीवर बसवलं, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि कवळी बसवली. डावीकडे टोचत होती. तिने काढली, घासली, पुन्हा बसवली. या वेळी घाई केली नाही. शेजारच्या कपडेवालीने आरसा पुढे केला.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. "हा तर माझा भाऊ," तो म्हणाला. "मेलेला." मग त्याने कपडेवालीच्या हातातली कसावाच्या कंदाची कडक भाकरी हिसकावून घेतली आणि कुडुम करून तोडली. कपडेवालीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो चावत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हणजे तुझी सही झाली?" त्याने भरल्या तोंडाने विचारलं.

मग्दालाने कानस पिशवीत घातली. "झाली, तोंतों."

"त्या चष्मेवाल्या बाईने केली?"

"त्यांनीच तर पाठवलं कवळी घेऊन."

"बरं झालं बाई." त्याने सुस्कारा सोडला. "आता तुला म्हणून सांगतो, त्या डोंगराला मी फार घाबरलो होतो. पण म्हटलं, पोरीचं शिक्षण माझ्यापायी अडलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही." आणि मग तो उभा राहून बाजाराला ओरडून सांगू लागला, "ए, बघा रे! ही माझी डॉक्टरीण!" चार बायका वळल्या. एकीने लगेच गाल ओढून दाढ दाखवली. मग्दाला तिच्याकडे न बघता पिशवी आवरत होती, कारण बघितलं असतं तर रडली असती.

पूल बंद व्हायच्या आत तो गेला. जाताना चावतच होता.

परतीच्या बसला रस्त्यात जागोजाग चौक्या. तिसऱ्या चौकीवर एक तरुण शिपाई चढला. सगळी बस सोडून तो नेमका तिच्यापाशी थांबला, कारण तिचा काळा रंग. "कागद." तिने पासपोर्ट दिला. त्याने उलटसुलट बघितला. "काय शिकतेस?"

"दातांचं."

शिपायाने मागे वळून पाहिलं, साहेब खाली उभा होता. त्याने वाकून हळूच जबडा उघडला आणि बोटाने मागची दाढ दाखवली. "रात्रभर झोपू देत नाही. डॉक्टर फार घेतात. तुमच्याकडे फुकट बघतात म्हणे, सान्तियागोला?"

मग्दालाने त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. खोल कीड होती, पण दाढ वाचण्यासारखी होती. चांगला पेशंट. कुठल्याही गल्लीतून, कुठल्याही दिवशी, टोपी न घालता येऊ शकणारा.

"या सोमवारी," ती म्हणाली. "त्यांना पेशंट हवेच असतात."

"तुझं नाव सांगू?"

"माझं नको," मग्दाला म्हणाली, आणि शेर्लिनचं नाव सांगितलं.